बाळ सिद्धराम आणि आपली मुले
(उळवी यात्रेच्या निमित्ताने एक पाठ)



माघ पौर्णिमेच्या सुमारास उळवीची यात्रा भरते. धारवाड, बेळगावकडच्या गावांतून बैलगाड्या सजवून, घुंगुरमाळा बांधून भक्तमंडळी निघतात आणि जोयडा तालुक्याच्या घनदाट रानातून अविरळज्ञानी चन्नबसवेश्वरांच्या समाधीस्थळी पोहोचतात. आता मोटारी, बसगाड्या झाल्या, तरी गाडीने जाण्याचा नेम कित्येक घराण्यांनी सोडलेला नाही. गाडीत आजोबा असतात, आई असते आणि मागे पाय सोडून बसलेला एखादा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगाही असतो. सगळे 'हर हर' म्हणत असताना तो गप्प असतो. आपण म्हणतो, "दमला असेल." बहुधा तो दमलेलाच असतो. पण काही वेळा ते गप्प बसणे निराळे असते आणि ते आपल्या लक्षात येत नाही. आजचा पाठ त्या मुलासाठी आहे आणि त्याच्या आईवडिलांसाठीही आहे.

सोन्नलगीचा अबोल मुलगा

सोलापूरचे शिवयोगी सिद्धरामेश्वर आपणा सर्वांना वंदनीय आहेत. त्यांच्या बालपणाची कथा राघवांक कवीने 'सिद्धरामचरित्र' या कन्नड काव्यात विस्ताराने गायिली आहे, आणि सोलापूर भागात ती घरोघरी सांगितली जाते. आज ती आपण थोड्या वेगळ्या दृष्टीने पाहू.

सोन्नलगी म्हणजे आजचे सोलापूर. तेथे मुद्दगौडा आणि सुग्गलादेवी यांच्या पोटी हा मुलगा जन्मला. तो अबोल होता. इतर मुलांसारखा खेळत नसे, बोलत नसे. लोकांच्या लेखी तो मंदबुद्धीच होता. त्याला रानात गुरे राखायला पाठवीत. एके दिवशी एक जंगम त्याच्यापाशी आला. त्याने आपले नाव मल्लय्या सांगितले आणि खायला मागितले. मुलाने आनंदाने शेतातले दिले. मग जंगम म्हणाला, पोटात आग पडली आहे, दही-भात मिळाला तर बरे. मुलगा धावत घरी गेला, आईकडून दही-भात घेऊन परत आला. पाहतो तो मल्लय्या तेथे नाही.

ज्याच्याशी कोणी बोलत नव्हते त्याच्याशी एक माणूस प्रेमाने बोलला होता, आणि तोही गेला. मुलगा हाका मारीत रडत सुटला. वाटेत श्रीशैलाला निघालेले यात्रेकरू भेटले, ते म्हणाले, मल्लय्या आम्ही दाखवतो. त्यांच्यामागे तो पायी श्रीशैलाला गेला. तेथे त्यांनी देवळातले लिंग दाखविले. मुलगा म्हणाला, हा नव्हे, माझ्याशी बोललेला मल्लय्या मला हवा. लोक हसले असतील, काहींनी समजावले असेल. मुलगा डोंगरात एकटाच हाका मारीत फिरला आणि शेवटी निराश होऊन दरीच्या काठाशी आला. तेथे मल्लिकार्जुनाने प्रकट होऊन त्याचा हात धरला.

एरवी ही कथा आपण बालभक्ताच्या उत्कट भक्तीची म्हणून ऐकतो, आणि ती तशी आहेच. परंतु एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. या कथेत जीव देण्याची थोरवी नाही. देवाने मुलाला पडू दिले नाही. 'माझ्यासाठी प्राण द्यायला आलास, धन्य तुझी भक्ती' असे म्हणून तो दुरून पाहत राहिला नाही. आधी त्याने हात धरला, मग बोलला. आणि बोलला ते असे की, परत जा, सोन्नलगीचेच दुसरे श्रीशैल कर. मुलगा परत आला. पुढे त्याने तलाव खोदविला, मंदिर उभारले, अडुसष्ट लिंगांची स्थापना केली. त्या तलावाकाठी आजही मकरसंक्रांतीला गड्ड्याची यात्रा भरते. सारे गाव ज्याला मंद समजत होते, त्याने खोदविलेल्या तलावाचा आधार शतकानुशतके त्या शहराला लाभला आहे.

आजच्या मुलांची दरी

जोयडा तालुक्याचेच उदाहरण घेऊ. विस्ताराने मोठा, वस्तीने विरळ असा हा प्रदेश आहे. काळी नदीवर सूपा धरण झाले तेव्हा सूपा हे तालुक्याचे जुने ठिकाणच पाण्याखाली गेले आणि पुष्कळ कुटुंबे रामनगरला येऊन वसली. बराचसा भाग आता काळी व्याघ्र प्रकल्पात येतो. वाड्या रानात विखुरलेल्या, कित्येक ठिकाणी फोन लागत नाही, बस चुकली की दिवस गेला. घरात कोकणी किंवा मराठी, शाळेत कन्नड, आणि पुढे कॉलेजात सगळे इंग्रजी. दहावीनंतर मूल घर सोडून दांडेली, हल्याळ, धारवाड, बेळगावच्या वसतिगृहात जाते. घराण्यातले शिकणारे ते पहिलेच असेल, तर सगळ्या घराची आशा त्याच्या एका गुणपत्रिकेवर टांगलेली असते.

धरून चालू की अशा एका वाडीवरचा मुलगा दहावीला गणितात नापास झाला. घरी येण्याआधीच बातमी आली. वडील काही बोलले नाहीत, पण जेवले नाहीत. चुलते म्हणाले, "शेजाऱ्याच्या पोरीला बघ." मुलाने त्या रात्री मनाशी ठरविले की शाळा संपली, उद्या गोव्याला जायचे, हॉटेलात काम करायचे, परत तोंड दाखवायचे नाही. दुसऱ्या एखाद्या मुलाच्या मनात याहून वाईट विचार येतो. दोघांची दरी एकच आहे. "आता काहीच उरले नाही" असे वाटणे, हीच ती दरी होय.

असे का होते, याचे उत्तर आजचे शास्त्र देते. किशोरवयात मेंदूतील भावना, उत्साह, धाडस यांचे भाग जोमात येतात. परंतु परिणाम तोलणारा, "थांब" म्हणणारा कपाळामागचा भाग पूर्ण पक्व व्हायला पंचविशीच्या आसपासचे वय यावे लागते. गाडीवानांना हे सांगायला नको. बैल उमदे झालेले असतात, पण कासरा धरणारा हात अजून बसलेला नसतो. मित्रांपुढे मान खाली जाणे या वयात मोठ्यांपेक्षा अधिक झोंबते. त्यात या वयाला रोज आठ ते दहा तासांची झोप लागते आणि परीक्षेच्या दिवसांत नेमकी तीच आपण तोडतो. न झोपलेल्या मनाला लहान गोष्ट डोंगराएवढी दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे दहा ते एकोणीस वर्षे वयाच्या सुमारे दर सात मुलांमागे एकाला कोणता ना कोणता मानसिक आजार असतो. म्हणजे आपल्या गावातील शाळेच्या एकेका वर्गात अशी चार-पाच मुले असू शकतात. ती वाईट नाहीत, आळशी नाहीत आणि भक्तिहीन तर नाहीतच.

शरणमार्ग येथे काय शिकवितो

पहिली गोष्ट. मनाचे दुखणे आले की आपल्यातले कित्येकजण आजही पंचांग उघडतात, ग्रहपीडा शोधतात, बाहेरची बाधा म्हणून देवऋषीकडे धावतात. बसवादी शरणांनी शकुन-अपशकुन, मुहूर्त, क्षुद्रदेवता यांचा स्पष्ट निषेध केला. इष्टलिंग धारण करणाऱ्याने आपल्या लेकराच्या दुःखाचे कारण ताऱ्यांत शोधावे, हे आचाराला धरून नाही. ताप आला तर आपण डॉक्टरकडे जातो. मनाच्या दुखण्यालाही डॉक्टर आहे, औषध आहे आणि ते बरे होते.

दुसरी गोष्ट पूजेची. इष्टलिंग तळहातावर घेऊन दृष्टी स्थिर करणे, श्वास संथ होऊ देणे, मन इकडेतिकडे गेले की पुन्हा लिंगावर आणणे, याने खवळलेले मन शांत होण्यास मदत होते. ज्या मुलाने हा अभ्यास शांत दिवसांत केला आहे, त्याला तो कठीण दिवसांत उपयोगी पडतो. परंतु दोन पथ्ये पाळावीत. पूजा शिक्षा म्हणून लावू नये. "नापास झालास, आता दोन तास पूजेला बस" असे म्हटले की लिंगाचीच भीती बसते. आणि आजार खरोखर असेल तर पूजेने औषधाची जागा घेऊ नये. दोन्ही बरोबर चालावे.

तिसरी गोष्ट कायकाची. शरणांच्या सभेत चांभार, परीट, दोर वळणारा, सरपण विकणारा असे सारे एका पंक्तीला बसले. कोणतेही प्रामाणिक कायक हलके नाही, असे आपण प्रवचनात म्हणतो. मग घरी येऊन "सायन्स घेतले नाहीस तर आमचे नाक कापले" असे कसे म्हणतो? मुलाच्या डोळ्यांत आपले हे दोन तोंडांचे बोलणे येते. शेती, परिचारिकेचे काम, शिक्षकी, सुतारकी, यंत्रावरचे काम ही सारी कायके आहेत. गुण हे फक्त एका परीक्षेचे माप आहे.

चौथी गोष्ट अनुभव मंटपाची. तेथे प्रश्न विचारायला बंदी नव्हती. अल्लमप्रभूंनी अक्कमहादेवींना कठोर प्रश्न विचारले, आणि त्या तरुण वयाच्या शरणीने निर्भयपणे उत्तरे दिली. त्या सभेने तिचे वय काढले नाही. आपल्या घरात मात्र मूल बोलू लागले की "तुला काय कळते" या एका वाक्याने मंटप बंद होतो. आठवड्यातून एक संध्याकाळ घरात अनुभव मंटप भरवावा. त्यात सर्वांत लहान आधी बोलेल आणि मोठे मध्येच तोडणार नाहीत, एवढाच नियम असावा.

कल्याणहून उळवी: तापल्या मनाने न घेतलेला निर्णय

आता ज्यांच्या समाधीस्थळी आपण जातो त्या चन्नबसवेश्वरांकडे पाहू. कल्याणात हरळय्या आणि मधुवरस यांच्या मुलांच्या विवाहावरून अनर्थ झाला, शरणांना क्रूर शिक्षा झाल्या, पुढे बिज्जळ राजाचा वध झाला. हा काळ साधारणपणे ११६७ चा मानला जातो. अशा वेळी तरुण शरणांचे रक्त उसळले असेल यात शंका नाही. लढून मरावे असे वाटणारेही असतील. परंपरा सांगते की चन्नबसवेश्वर त्या वेळी विशीच्या आसपासचे होते. मामा बसवेश्वर संगमाला गेलेले, सभोवती आग पेटलेली.

त्यांनी काय केले? शरणांना आणि वचनसाहित्याला वाचविणे हे पहिले काम मानले. आई अक्कनागम्मा, किन्नरी बोमय्या, मडिवाळ माचिदेव अशा वडीलधाऱ्यांसह ते रानावनातून निघाले. पाठलाग करणाऱ्या सैन्याशी माचिदेवांनी झुंज दिली आणि बाकीचे पुढे सरकले. शेवटी ते उळवीच्या रानात पोहोचले. अक्कनागम्मांची गुहा, महामनेची गुहा आपण यात्रेत पाहतो.

यातून निर्णयाचे चार नियम आपल्या मुलांना शिकविता येतील. चन्नबसवेश्वर एकटे निघाले नाहीत. क्षणाचा राग मोठा की वर्षांनुवर्षांचे काम मोठे, हे त्यांनी ओळखले. काय वाचवायचे ते आधी ठरविले. आणि माघार घेणे म्हणजे हरणे, असे मानले नाही.

आता हे नियम गणितात नापास झालेल्या त्या मुलाला लावून पाहू. पहिले, त्या रात्री काहीही ठरवायचे नाही. जेवायचे, झोपायचे, निर्णय निदान दोन दिवसांनी. मन तापलेले असताना फक्त एकच निर्णय योग्य असतो, तो म्हणजे थांबण्याचा. दुसरे, विश्वासाच्या एका मोठ्या माणसाला सांगायचे. वडिलांना सांगवत नसेल तर मामा, आत्या, शिक्षक, मठाचे स्वामीजी, कोणीही चालेल. तिसरे, आपल्यापुढे खरोखर किती वाटा आहेत ते कागदावर लिहायचे. निराश मनाला एकच वाट दिसते, कागदावर मात्र तीन-चार निघतात. कर्नाटकात २०२४ पासून दहावीची परीक्षा एकाच वर्षात पुन्हा देता येते, महाराष्ट्रातही पुरवणी परीक्षा आहे. म्हणजे एका विषयासाठी वर्षसुद्धा जात नाही. चौथे, प्रत्येक वाटेपुढे विचारायचे की एक महिन्याने काय होईल, पाच वर्षांनी काय होईल आणि ही वाट पुढे बदलता येईल का? जी बदलता येत नाही ती वाट घाईने कधीही धरू नये. गोव्याला काम करण्यात लाज काहीच नाही. पण ते काम परीक्षा देऊनही करता येते, आणि घरी सांगून जाणे व तोंड लपवून जाणे यांत फार अंतर आहे.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. शिक्षणात अडथळा आला की "लग्न करून टाकू" असे घरात बोलले जाते. अठरा वर्षांआधीचे लग्न कायद्याने गुन्हा आहे. शिवाय त्या मुलीच्या दृष्टीने तिच्यासाठी कोणी विचारच केला नाही असा त्याचा अर्थ होतो. अक्कमहादेवींचे नाव घेणाऱ्या घरात मुलीला न विचारता तिचा निर्णय होऊ नये.

हात कसा धरावा

श्रीशैलावर मल्लिकार्जुनाने हात धरला. आपल्या वाडीवर तो कोण धरणार? जंगमाच्या ठायी शिव पाहावा अशी आपली शिकवण आहे. तेव्हा हे काम आपल्याच हाताचे आहे. पण आधी ओळखता आले पाहिजे.

मूल दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास किंवा सतत चिडलेले असणे, आवडीच्या गोष्टी सोडून देणे, झोप वा भूक एकदम बदलणे, कारण नसता डोके-पोट दुखणे, शाळा टाळणे, मित्र तोडणे, आपल्या आवडत्या वस्तू वाटून टाकणे, "मी नसतो तर बरे झाले असते" असे बोलणे ही लक्षणे आहेत. शेवटच्या दोन गोष्टी दिसल्या तर एक दिवसही थांबू नये.

जवळ बसून सरळ विचारावे, "तुला जगू नये असे वाटते का?" पुष्कळांना भीती वाटते की असे विचारल्याने नसलेला विचार मनात येईल. तसे होत नाही. उलट कोणीतरी विचारले म्हणून मुलाला हायसे वाटते. उत्तर "होय" आले तर रागावू नये, रडून त्याच्यावर आणखी ओझे टाकू नये, शपथा घालू नयेत. "तू सांगितलेस हे फार बरे केलेस, मी तुझ्याबरोबर आहे" एवढे म्हणावे, त्याला एकटे सोडू नये आणि मदत मिळवावी.

मदत कोठे मिळते तेही लिहून ठेवावे. भारत सरकारची 'टेली-मानस' सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते, कन्नडमध्ये तसेच मराठीतही. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. प्रत्यक्ष उपचारासाठी आपल्या भागाला जवळचे म्हणजे धारवाडचे मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेचे रुग्णालय, म्हणजे डिम्हान्स. कारवारलाही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. जेथे फोन लागत नाही त्या वाडीवर आशा कार्यकर्ती किंवा शिक्षक यांना गाठावे. एखाद्या घरात तसा प्रसंग घडून गेला असेल आणि पोलिसांच्या भीतीने लोक लपवीत असतील, तर त्यांना सांगावे की २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते, तिला शिक्षा न करता उपचार व पुनर्वसन देणे हे सरकारचे कर्तव्य ठरविले आहे.

आणि उपचारानंतरची गोष्ट. सिद्धरामांना देवाने हात धरून श्रीशैलावरच ठेवून घेतले नाही, कामाला परत पाठविले. बरे होत असलेल्या मुलाला आपणही "आजारी" म्हणून कोपऱ्यात बसवू नये. झेपेल असे काम द्यावे, गुरांचे, बागेचे, मठात दासोहाच्या पंक्तीत वाढण्याचे. आपला कोणाला तरी उपयोग आहे हे कळले की मन हळूहळू उभे राहते. मात्र सोन्नलगीत तलाव एका दिवसात झाला नाही, हेही विसरू नये.

गेल्या वर्षी यात्रेत गाडीच्या मागे गप्प बसलेला तो मुलगा आठवतो का? या वर्षी गाडी जुंपताना त्याला पुढे आपल्याशेजारी बसवा. दोन कोस काही विचारू नका. मग कासरा त्याच्या हाती द्या आणि तो बोलेल तेव्हा ऐका.

मननासाठी प्रश्न

१) सिद्धरामांच्या गावाने त्यांना मंद ठरविले. आपण आपल्या घरातील कोणत्या मुलाला असे नाव ठेवले आहे?
२) माझे मूल संकटात असेल तर सर्वांआधी मला सांगेल का? नसेल तर कोणाला सांगेल?
३) मी स्वतः रागात घेतलेला कोणता निर्णय मला आज मुलांना प्रांजळपणे सांगता येईल?
४) १४४१६ हा क्रमांक घरात, शाळेत, मठात कोठे लिहून लावता येईल?

शरणु शरणार्थी.